आधी उभे राहणे, मग नाकडोळे

आमच्या एव्हरशाईन सिटीत नात एलिमेंटरीची तयारी करते. माणूस काढायला ती डोळ्यांपासून सुरुवात करी. पाय कागदाबाहेर जात. मग खोडरबर, मग रडू. एका संध्याकाळी तिला रिक्षाच्या रांगेपाशी नेले. म्हटले, ‘चेहरा सोड. भार कुठल्या पायावर आहे ते बघ.’ भार एका पायावर आला की त्या बाजूची कंबर वर जाते, खांदा खाली येतो. मोठ्या माणसाची उंची साधारण साडेसात डोकी. १८५७ साली स्थापन झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्येही जिवंत माणूस समोर बसवून शिकवतात. पालकांनो, मुलांना चित्रांची पुस्तके जरूर द्या. पण त्याआधी माणसे दाखवा, आणि खोडरबर घरीच ठेवा. त्या दिवशी नातीने दहा आकृत्या काढल्या. चेहरा एकीलाही नव्हता, तरी आमची भाजीवाली मावशी मी लगेच ओळखली.