धीरही मराठीतच हवा



या सदरातून आपण ब्लडप्रेशर, डायबेटिस, गुडघेदुखी यांविषयी पुष्कळ बोललो. आज ज्या दुखण्याविषयी लिहिते आहे, ते घेऊन सहसा कोणी आपण होऊन कुपत होलिममध्ये येत नाही. घरात मारहाण आणि अपमान सोसलेल्या बाईचे हे दुखणे. ती त्या घरातून बाहेर पडली की सुटली, असे आपण समजतो. माझे मत असे आहे की तिला माणसांची सर्वांत जास्त गरज तेव्हाच लागते, आणि ती गरज भागवणे आपल्यासारख्या म्हाताऱ्या माणसांना चांगले जमेल. हे मला चूक करून आणि फार उशिरा कळले.

ती चूक आधी सांगते. मी नर्स होते. तीसेक वर्षांपूर्वी आपल्याच समाजातली एक बाई दर महिन्याला बी.पी. तपासायला माझ्याकडे येई. तिचे नाव-गाव सांगणार नाही. "लिहा सिस्टर, पण मी कोण ते कळू देऊ नका," अशी तिची अट आहे. एकदा तिच्या दंडावर निळे वळ दिसले. विचारले तर म्हणाली, "बाथरूममध्ये पाय घसरला." दोन महिन्यांनी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तिने खरे काय ते सांगितले. मी दंडावरचा पट्टा सोडला आणि म्हणाले, "अगं, सांभाळून घे. मुलं लहान आहेत. शलोम बायित महत्त्वाचा." ती "हो सिस्टर" म्हणाली, आणि पुढच्या महिन्यापासून दुसऱ्या नर्सकडे जाऊ लागली. त्या घरात ती आणखी वीस वर्षे राहिली.

शलोम बायित म्हणजे घरातली शांती. पण एकाने मारायचे आणि दुसरीने गप्प बसायचे, याला आपल्या धर्माने शांती म्हटलेले नाही. रंबम यांनी आठशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे की नवरा नकोसा झालेल्या बाईला त्याच्याजवळ राहायला भाग पाडता येत नाही, कारण ती काही कैदी नव्हे. नवऱ्याने बायकोला स्वतःपेक्षा जास्त मान द्यावा, हेही त्यांनीच लिहिले. मी हे सर्व सोडले आणि दोन शब्द तेवढे उचलले, कारण ते सोयीचे होते. आपल्यापैकी किती जणांनी आपल्या सुनेला, भाचीला, शेजारणीला हेच दोन शब्द ऐकवले असतील, याचा प्रत्येकाने विचार करावा.

देशही एके काळी असाच वागत होता. 1976 साली मार्शा फ्रीडमन यांनी क्नेसेटमध्ये बायकांना होणाऱ्या मारहाणीचा विषय काढला, तेव्हा काही सभासदांनी थट्टा केली. पुढच्याच वर्षी हैफामध्ये अशा बायकांसाठी पहिला मिक्लात उघडला. मिक्लात शब्दाचा अर्थ आपल्याला सांगायला नको. सायरन वाजला की आपण खाली धावतो आणि दाराशी आलेल्या माणसाला "तू कोण, कुठला" असे विचारत नाही, आत घेतो. बायकांच्या आश्रयाच्या घरालाही हाच शब्द आहे. 1991 साली कुटुंबातल्या हिंसेविरुद्धचा कायदा झाला. त्याखाली कोर्ट मारणाऱ्या माणसाला घरात यायला बंदी करू शकते, घर त्याच्या मालकीचे असले तरीसुद्धा. हा हुकूम आधी तीन महिन्यांपर्यंतचा असतो, गरज पडल्यास वाढवता येतो. मी त्या बाईला "सांभाळून घे" म्हणाले, तेव्हा हा कायदा अमलात होता. मला त्याची माहिती करून घ्यावीशी वाटली नव्हती, एवढेच.

धाकट्या मुलाचे लग्न झाले आणि ती मुलीकडे निघून आली. वय साठीच्या पुढे. कोर्टाचा हुकूम मिळाला, पुढे रब्बनुतच्या कोर्टातून गेटही मिळाला. भाड्याची दोन खोल्यांची जागा झाली. सर्वांना वाटले, संपले एकदाचे.

आता आरोग्याचे सांगते. वर्षानुवर्षे भीतीत राहिलेल्या शरीराला भीती संपल्याची बातमी लगेच पोचत नाही. लिफ्टचे दार वाजले तरी छातीत धडधडते. झोप तुकड्यातुकड्यांत येते. बी.पी. चढते, डोके दुखते, पोट बिघडते. ही बाई पहिले सहा महिने दिवा लावून झोपत असे. संध्याकाळी सहा वाजता, नवरा कामावरून यायच्या वेळी, तिचे हात थंड पडत. याला वेड म्हणू नये आणि नाटकही म्हणू नये. इतकी वर्षे ज्या सावधपणाने तिला वाचवले, तो शरीराला चटकन सोडता येत नाही. अशा वेळी शेजारणीच्या झोपेच्या गोळ्या घेऊ नयेत. घरच्या डॉक्टरांना खरे कारण सांगावे, म्हणजे ते योग्य ठिकाणी पाठवतील. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची. कोणी गळा दाबला असेल तर बाहेर खूण दिसत नसली तरी लगेच हॉस्पिटलात जावे. आतली इजा काही तासांनीही उलटते.

दुसरे नुकसान माणसांचे. छळणारा माणूस बायकोला हळूहळू तोडतो. बहिणीकडे जायचे नाही, मैत्रिणीला फोन करायचा नाही, पैसे मागून घ्यायचे. शेवटी तिला विचारायला कोणी उरत नाही. ज्युडिथ हर्मन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी 1992 साली या विषयावर पुस्तक लिहिले. त्यात त्या सांगतात की आधी सुरक्षितता, मग झाल्यागेल्याचे दुःख बोलून मोकळे होणे, आणि मग पुन्हा माणसांशी जोडले जाणे, अशा पायऱ्यांनी माणूस सावरतो. आणि हे एकट्याने होत नाही, माणसांच्या सोबतीनेच होते. मी माझ्या पेशंटकडे पाहून हेच म्हणेन.

तिला पहिली मैत्रीण मिळाली ती समोरच्या दारातली मोरोक्कन बाई. दर गुरुवारी ती दार ठोठावायची आणि म्हणायची, "शुकमध्ये जाते, येतेस?" शब्बाथची भाजी, मासे घेऊन दोघी परत यायच्या. चार महिने त्या बाईने एकही प्रश्न विचारला नाही, फक्त "आज काय घ्यायचं?" एवढेच. "सिस्टर, मला काय घ्यायचंय ते मलाच ठरवायचं होतं. पहिल्या दिवशी मी वांग्यांसमोर उभी राहून रडले," असे ती मला म्हणाली. चाळीस वर्षे तिने स्वतःच्या आवडीची भाजी आणली नव्हती. बँकेत स्वतःच्या नावाचे खाते, बितुआख लेउमीचे पैसे त्यात, बसचे कार्ड, स्वतः निवडलेली भाजी. ऐकायला लहान गोष्टी वाटतात, पण या तिच्या औषधांच्या यादीत धरायला हव्यात.

मग रेवाखा खात्याच्या ओवेदेत सोत्सियालितने तिला बायकांच्या एका गटात पाठवले. कोणी रशियाची, कोणी इथिओपियाची, कोणी इथलीच. सगळ्यांची कथा एकच निघाली, त्यामुळे "माझंच काही चुकलं असेल" हा तिच्या मनातला काटा निघाला. गट चांगला होता. पण तिची एक अडचण होती, आणि ती ऐकूनच मी हा लेख लिहायला बसले. ती म्हणाली, "हिब्रूत मी बाजार करते, डॉक्टरशी बोलते. पण त्याने मला ज्या शिव्या दिल्या त्या मराठीत दिल्या. त्या मी हिब्रूत कशा सांगू? सांगितल्या तर लागतच नाहीत कोणाला."

वाचकहो, हे काम कोणतेही सरकारी खाते करू शकणार नाही. आपली नातवंडेही नाहीत, त्यांना "शलोम आजी" एवढेच मराठी येते. शिव्या मराठीत ऐकल्या असतील तर धीरही मराठीत मिळायला हवा, आणि तो देऊ शकणारी माणसे आता आपणच उरलो आहोत. मोआदोनमध्ये आपण पत्ते खेळतो, अलिबाग-पनवेलच्या आठवणी काढतो. तिथे दाराजवळच्या खुर्चीवर गप्प बसणारी बाई असेल तर तिच्याजवळ जाऊन बसणे हेही समाजाचे काम आहे.

मी तिच्याकडे गेले ते माफी मागायला. तिने चहा केला. मी म्हणाले, "त्या दिवशी मी चुकीचं बोलले." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुम्ही तरी आलात." त्यानंतर दर मंगळवारी आमची बैठक असते. कधी ती बोलते, कधी आम्ही नुसते नारळ खवतो.

गेल्या वर्षी तिने नव्या घराचा मलिदा केला. काही जणांनी कुजबुज केली की नवऱ्याला सोडून आलेल्या बाईच्या घरी कसा जायचा? माझे यजमान म्हणाले, "एलियाहू हानाबीचं नाव घ्यायला तिच्या घरी जायला मला कोणाची परवानगी नको." दहाच्या वर पुरुष जमले. पोहे, नारळ, फळे आम्ही बायकांनी तयार केली. मोरोक्कन शेजारीणही होती, तिला काही कळत नव्हते, पण सर्वांत मोठ्याने आमेन तीच म्हणाली. त्या दिवशी एवढ्या गर्दीत आणि टाळ्यांत ती दचकली नाही, हे मी नर्स म्हणून पाहिले.

आता काही गोष्टी रोखठोक सांगते. अशी बाई तुमच्या ओळखीत असेल तर "एवढी वर्षं का राहिलीस?" हे विचारू नका. "त्याचीही बाजू असेल" म्हणू नका. तिचा पत्ता, फोन नंबर कोणालाही देऊ नका, तो माणूस तुमचा चुलतभाऊ असला तरी. घर सोडतानाचा आणि त्यानंतरचा काळ सर्वांत धोक्याचा असतो. तडजोडीसाठी मध्यस्थी करू नका. मुले दोन्हीकडे ओढली जातात. मोठा मुलगा बापाची बाजू घेत असेल तर तिच्यासमोर त्याला शिव्या देऊ नका, दार उघडे राहू द्या. दुसऱ्या लग्नाची घाई करू नका. तिला पुढे सोबती मिळाला तर आनंदच आहे. पण महिनाभरातच तिचा सगळा वेळ मागणारा, मैत्रिणींकडे जाऊ नको म्हणणारा कोणी आला, तर आपण मैत्रिणींनी जास्त जवळ राहावे.

काय करावे? ठरलेल्या दिवशी जा किंवा फोन करा, आणि तो दिवस चुकवू नका. तिने सांगितले तर ऐका. नाही सांगितले तर भाजी निवडा.

शेवटी त्या बहिणींसाठी, ज्या सत्तरीत, पंचाहत्तरीत अजून त्या घरातच आहेत आणि हे वाचत आहेत. "आता या वयात काय?" असे म्हणू नका. माझी मैत्रीण साठीनंतर निघाली. कल्याण खात्याचा 118 हा फोन चोवीस तास चालतो. जिवाला धोका असेल तर पोलिसांचा 100, आणि शब्बाथ असला तरी करा, जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडता येतो. हिब्रू अडत असेल तर विश्वासातल्या कोणाला तरी शेजारी बसवून बोला. अंथरुणाला खिळलेल्या, स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या माणसाला सांभाळणाराच छळत असेल, तर ते पोलिसांना किंवा रेवाखाला कळवणे 1989 पासून कायद्याने प्रत्येकाचे कर्तव्य आहे, शेजाऱ्याचेसुद्धा.

तीस वर्षांपूर्वीचा तो पट्टा मला अजून आठवतो. बी.पी. मी अचूक मोजले होते. त्या वेळी "मी तुझ्याबरोबर येते" एवढे तीन शब्द म्हणायला हवे होते. तुमच्यावर ती वेळ आली तर तेवढे नक्की म्हणा.

सर्वांना उत्तम आरोग्य लाभो.