दात काढल्यावर तुमचंच रक्त जखमेत ठेवतात, ते 'पीआरएफ' नेमकं काय आहे? त्यासाठी वेगळे पैसे द्यावेत का?

अक्कलदाढ आडवी वाढली आहे, काढावी लागणार आहे. डॉक्टर सांगतात, "तुमचंच थोडं रक्त घेऊ, त्यातून जेलीसारखी एक चकती तयार होते, ती जखमेत ठेवू. लवकर भरून येईल." मग अंदाजपत्रकात एक वेगळी ओळ दिसते: पीआरएफ.

हे ऐकून दोन प्रकारच्या प्रतिक्रिया येतात. काहींना ही जादू वाटते, तर काहींना पैसे उकळण्याचा नवा मार्ग. खरी गोष्ट या दोन्हींच्या मधली आहे. ती समजून घेणं गरजेचं आहे, कारण यासाठी लागणारं मुख्य यंत्र टेबलावर मावतं. म्हणजे हा उपचार फक्त मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलपुरता राहिलेला नाही.

दिंडोरीसारख्या तालुक्यातल्या माणसासाठी तर हा प्रश्न थेट खिशाशी आणि हजेरीशी जोडलेला आहे. अवघड दाढ काढायची तर अनेकांना साधारण २५ किलोमीटरवरचं नाशिक गाठावं लागतं. जखम बिघडली की पुन्हा तीच फेरी. द्राक्षकाढणीच्या दिवसांत चार दिवस घरी बसणं म्हणजे चार दिवसांची मजुरी गेली. त्यामुळे 'लवकर भरून येईल' हे वाक्य कुणालाही मोहात पाडू शकतं.

पीआरएफ म्हणजे काय?

पूर्ण नाव प्लेटलेट रिच फायब्रिन. डेंग्यूच्या साथींमुळे प्लेटलेट हा शब्द आता घराघरांत माहीत आहे. जखम झाली की या पेशी तिथे गोळा होतात, रक्त थांबवतात आणि दुरुस्तीचं काम सुरू करणारी प्रथिनं सोडतात. त्यांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात. फायब्रिन म्हणजे रक्ताच्या गुठळीतलं धाग्यांचं जाळं.

हाताच्या शिरेतून साधारण १० मिलिलीटरच्या दोन ते चार नळ्या रक्त घेतात. रक्तदानात ३५० मिलिलीटर रक्त घेतात, त्या मानाने हे फारच कमी. नळ्या लगेच सेंट्रिफ्यूज या यंत्रात फिरवतात. मिनिटाला २७०० फेऱ्या आणि १२ मिनिटं, ही बरीच वापरली जाणारी पद्धत.

दुधातून मलई वेगळी करणारं यंत्र आठवा, तत्त्व तेच. जड तांबड्या पेशी तळाशी बसतात, वर पिवळसर पाणी राहतं आणि मध्ये फायब्रिनची घट्ट गुठळी तयार होते. तिच्यात प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी अडकलेल्या असतात. ही गुठळी दाबून तिचा पातळ पडदा करतात आणि दात काढलेल्या खड्ड्यात किंवा हिरडीखाली ठेवून टाके घालतात. त्यातून ग्रोथ फॅक्टर एकदम न सुटता हळूहळू, साधारण आठवडाभर किंवा त्याहून जास्त दिवस सुटत राहतात.

मग पीआरपी काय असतं?

केसांसाठी किंवा गुडघ्यासाठी ज्याची इंजेक्शनं दिली जातात, ते पीआरपी. जबड्याच्या शस्त्रक्रियेत ते प्रसिद्ध झालं १९९८ मध्ये, अमेरिकेतल्या मायामी विद्यापीठाचे डॉ. रॉबर्ट मार्क्स आणि सहकाऱ्यांच्या संशोधनामुळे. त्यात आधी रक्त गोठू नये म्हणून रसायन घालावं लागतं आणि वापरताना ते गोठवण्यासाठी आणखी काहीतरी मिसळावं लागतं. सुरुवातीच्या काळात त्यासाठी गाईच्या रक्तातलं थ्रॉम्बिन वापरलं जाई.

फ्रान्समधले डॉ. जोसेफ शुक्रून यांनी २००१ मध्ये वेगळी वाट काढली. रक्तापासून बनवलेले पदार्थ पुन्हा शरीरात घालण्यावर तिथे कायद्याची बंधनं होती. शुक्रून यांच्या पद्धतीत रक्तात काहीच मिसळायचं नाही, फक्त फिरवायचं. ते आपोआप गोठतं. हेच पीआरएफ. प्रक्रिया सोपी आणि तुलनेने स्वस्त असल्याने ती जगभर पसरली.

खरंच फायदा होतो का?

कशासाठी वापरता, त्यावर उत्तर अवलंबून आहे.

*अक्कलदाढेनंतरची कळ:* दात काढल्यावर खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते. ती निसटली किंवा विरघळली तर आतलं हाड उघडं पडतं आणि दोन ते चार दिवसांनी असह्य कळ सुरू होते. याला ड्राय सॉकेट म्हणतात. साध्या दातांत हे शंभरात एक ते पाच जणांना होतं, पण खालच्या अक्कलदाढेच्या शस्त्रक्रियेनंतर काही अभ्यासांत हे प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत गेलेलं दिसतं. इथे पीआरएफची बाजू बरीच भक्कम आहे. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या आढाव्यांमध्ये ड्राय सॉकेट कमी झाल्याचं आणि पहिल्या काही दिवसांची वेदना घटल्याचं दिसतं.

*हाड भरून येणं:* जाहिराती सगळ्यात मोठ्याने बोलतात त्या याबद्दल, आणि पुरावा मात्र इथेच डळमळीत आहे. काही अभ्यासांत फरक दिसतो, काहींत दिसत नाही. वरची मऊ जखम लवकर मिटणं आणि खालचं हाड भक्कम होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा फोटो दाखवून दुसरीचा दावा होत असेल तर सावध व्हा.

*हिरड्यांचा आजार:* यात भारताचं काम मोठं आहे. बेंगळुरूच्या शासकीय दंत महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी २०११ च्या सुमारास केलेल्या चाचण्या जगभर उद्धृत झाल्या. हिरडीच्या शस्त्रक्रियेसोबत पीआरएफ वापरल्यावर दाताजवळचं झिजलेलं हाड जास्त भरल्याचं त्यांत दिसलं. पण २०१८ मध्ये कॉक्रेन या संस्थेने अशा ३८ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा चित्र संमिश्र निघालं. साध्या शस्त्रक्रियेला किंवा हाडाच्या भरणीला जोड म्हणून फायदा होऊ शकतो. मात्र विशिष्ट पडदे किंवा प्रथिनांच्या आधीपासूनच्या प्रगत उपचारांत याची भर घालून आणखी काही मिळतं, याला पुरेसा आधार नाही. पुराव्याचा दर्जाही त्यांनी 'अतिशय कमी' ठरवला.

दर्जा कमी का? अनेक चाचण्यांत रुग्ण मोजकेच होते. शिवाय प्रत्येकाची नळी, वेग आणि वेळ वेगळी. त्यामुळे एका ठिकाणचं 'पीआरएफ' आणि दुसऱ्या ठिकाणचं 'पीआरएफ' सारखंच असेल असं नाही.

तंबाखू सुटली नाही तर?

हा मुद्दा रील्समध्ये सहसा येत नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात सुमारे २४ टक्के प्रौढ तंबाखू, मिश्री, गुटखा अशा चघळण्याच्या किंवा लावण्याच्या रूपात तंबाखू वापरतात. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी असूनही ही स्थिती आहे.

तंबाखूमुळे हिरड्यांचा रक्तपुरवठा बिघडतो आणि जखम उशिरा भरते. रक्तातली साखर ताब्यात नसेल तरी तेच होतं. म्हणजे ज्यांना 'तुमची जखम भरायला वेळ लागेल, पीआरएफ करू' असं सांगितलं जातं, त्यांना आधी गरज असते ती तंबाखू थांबवण्याची आणि साखर तपासण्याची. शिवाय पीआरएफ बनतं ते त्याच शरीरातल्या रक्तातून. या दोन गोष्टी फुकट किंवा अगदी कमी खर्चात होतात. त्या टाळून पीआरएफवर भिस्त ठेवणं म्हणजे मुळाला पाणी न घालता पानांवर फवारणी करण्यासारखं आहे.

'माझंच रक्त, मग धोका कसला?'

स्वतःचं रक्त असल्याने ॲलर्जीचा किंवा शरीराने ते नाकारण्याचा धोका जवळजवळ नसतो. पण ते तुमचंच राहिलं पाहिजे.

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातलं उदाहरण बोलकं आहे. तिथल्या एका परवाना नसलेल्या स्पामध्ये चेहऱ्यासाठी पीआरपी केलं जायचं. तपासणीत स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये खाण्याच्या पदार्थांसोबत रक्ताच्या नळ्या सापडल्या, नळ्यांवर नावंही नव्हती. २०२४ मध्ये तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने अहवाल दिला. तीन महिलांना २०१८ मध्ये त्या स्पातूनच एचआयव्हीची लागण झाल्याचं पुरावे सांगतात, असं त्यात म्हटलं आहे.

ते दातांचं प्रकरण नव्हतं, पण धडा तोच आहे. धोका रक्तात नसतो, हाताळणीत असतो. सुई नवी हवी, नळी तुमच्यासमोर उघडलेली आणि तुमच्या नावाची हवी, रक्त लगेच त्याच जागी वापरलेलं हवं. उरलेलं रक्त आणि सुया जैववैद्यकीय कचरा नियम, २०१६ प्रमाणेच टाकायला हव्यात.

नळीही महत्त्वाची. सिलिकाचा थर असलेल्या प्लास्टिक नळ्यांमधून त्याचे सूक्ष्म कण गुठळीत मिसळू शकतात, असं संशोधकांनी दाखवलं आहे. म्हणून यासाठीच बनवलेली, शक्यतो साध्या काचेची निर्जंतुक नळी योग्य मानली जाते. सरसकट पॅथॉलॉजीची कुठलीही नळी चालत नाही.

हो म्हणण्याआधी डॉक्टरांना काय विचाराल?

• माझ्या बाबतीत पीआरएफ कशासाठी? कळ टाळायला, हिरडीसाठी की हाडासाठी?
• ते केलं नाही तर काय फरक पडेल?
• दात काढण्याचे किती आणि पीआरएफचे किती, हे वेगळं लिहून द्याल का?
• रक्त कोण काढणार आणि कुठली नळी वापरणार?
• तुमचा महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक काय?

तुम्ही रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असाल, प्लेटलेट कमी असतील किंवा मधुमेह असेल, तर ते आधीच सांगा. गोळ्या मनाने बंद करू नका.

खर्च जड वाटत असेल तर सरकारी रुग्णालयाचा दंतविभाग किंवा दंत महाविद्यालयाची ओपीडी हा पर्याय आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ दिंडोरी रोडवरच, म्हसरूळला आहे. तिथे उपचार होत नाहीत, पण त्याच्याशी संलग्न असलेलं महात्मा गांधी विद्यामंदिराचं दंत महाविद्यालय नाशिकमध्येच, पंचवटीत आहे. दुसरं मत घ्यायलाही अशी जागा उपयोगी पडते.

थोडक्यात

खालची अडकलेली अक्कलदाढ शस्त्रक्रियेने काढायची असेल, आधी ड्राय सॉकेट होऊन गेलं असेल, किंवा हिरडीची ठरावीक शस्त्रक्रिया असेल, तर पीआरएफचा विचार करण्यात अर्थ आहे. हलणारा साधा दात काढताना निरोगी माणसाला त्याची सहसा गरज नसते. तिथे शरीर स्वतःच तीच गुठळी फुकट तयार करतं.

ती गुठळी जपणं आपल्या हातात आहे. पहिले २४ तास जोरात थुंकू नका, चूळ भरू नका, स्ट्रॉने काही पिऊ नका. तंबाखू-मिश्रीला निदान जखम भरेपर्यंत तरी हात लावू नका. पीआरएफ केलं असेल तरीही हे पाळावंच लागतं. तीन-चार दिवसांनी कळ कमी होण्याऐवजी वाढली, तोंडाला वास यायला लागला किंवा ताप आला, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.