विश्लेषण : तिशीत कळलेला ‘अ‍ॅस्पर्जर’, पालकांनी आता काय बदलायचे?

बारावीला उत्तम गुण, इंजिनीअरिंगची पदवी, हिंजवडीत नोकरी. तरीही नोकरी टिकत नाही, मित्र नाहीत, पाहुणे आले की खोलीचे दार बंद. ‘हेकट’, ‘माणूसघाणा’ असे शिक्के बसत राहतात आणि तिशीच्या आसपास मानसोपचारतज्ज्ञांकडून वेगळेच नाव कळते. पुण्यासारख्या गुणांच्या शर्यतीत रमलेल्या शहरात असे घडणे सहज शक्य आहे.

अ‍ॅस्पर्जर म्हणजे काय?

व्हिएन्नातील डॉक्टर हान्स अ‍ॅस्पर्जर यांनी १९४४ मध्ये अशा मुलांचे वर्णन केले. ब्रिटनच्या लोर्ना विंग यांच्या १९८१ च्या लेखामुळे हे नाव रूढ झाले. २०१३ पासून अमेरिकी निदान-नियमावलीत ते स्वतंत्र राहिले नाही. ‘स्वमग्नता वर्णपटा’त सामावले गेले. बोलणे आणि बुद्धी शाबूत असते. समोरच्याच्या मनातले ओळखणे, ठरलेल्या गोष्टीतला अचानक बदल, गोंगाट हे मात्र जड जाते.

निदान उशिरा का?

गुणपत्रिकेने अडचण झाकली. शाळेला वेळापत्रक होते, घरी आई होती. नोकरीत दोन्ही आधार सुटतात. मुली तर इतरांचे पाहून वागणे शिकतात, त्यामुळे त्यांचे निदान आणखी लांबते.

पालकांचे काय चुकले?

संगोपनामुळे स्वमग्नता होत नाही. वर्षानुवर्षे ‘मुद्दाम करतो’ म्हणून रागावल्याची खंत मात्र खरी असते. ती मुलाजवळ मोकळेपणाने बोलून दाखवावी. दुसरी चूक अजून टाळता येईल: ‘लग्न केले की सुधारेल’. लग्न हा उपचार नाही. लग्न करायचे की नाही, हे त्याने किंवा तिने ठरवावे आणि जोडीदारापासून निदान लपवू नये.

कायदा काय देतो?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. सरकारी नोकरीतील आरक्षणासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. नुसते निदान पुरत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार प्रौढ मुलासाठीही पालकत्व मागता येते. पण ज्याला स्वतःचे बँक खाते सांभाळता येते, त्याच्या सहीचा अधिकार काळजीपोटी काढून घेणे हा अन्यायच. २०१६ च्या कायद्यात म्हणूनच ‘मर्यादित पालकत्वा’ची वाट आहे: ठरावीक बाबीपुरते, ठरावीक काळापुरते आणि निर्णय दोघांनी मिळून.

‘आमच्यानंतर काय?’

हा प्रश्न प्रत्येक घरात असतो. त्याचे उत्तर मुलाला जन्मभर हाताशी धरून मिळत नाही. वीजबिल, डॉक्टरांची वेळ, दोन वेळचा स्वयंपाक ही कामे आजच त्याच्याकडे सोपवावीत. सूचना स्पष्ट, शक्य तर लेखी द्याव्यात. टोमणे आणि आडवळणाचे बोलणे त्याला कळत नाही. भावंडांशीही आताच बोलावे. जबाबदारी त्यांच्यावर गृहीत धरू नये. निदानाने मूल बदलत नाही. बदलायचे आहे ते त्याच्याशी वागणे.