कॅन्सरमधून उठलेल्या माणसाला बाजेवर बसवू नका



या पानावर खते, बियाणे, फवारणी यांची माहिती आपण नेहमी वाचता. आजचा विषय वेगळा आहे, पण आपल्याच घरातला आहे.

मुंबईच्या टाटा हॉस्पिटलातून किंवा बार्शीहून कॅन्सरचा उपचार पुरा करून माणूस गावी येतो. आपण ओसरीवर बाज टाकतो आणि सांगतो, "आता काही करायचं नाही, नुसतं पडून राहायचं." यामागे माया असते. पण महिनोन्‌महिने पडून राहिल्याने पायातले बळ जाते, थकवाही हटत नाही.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ८८९ रुग्णांवरील एका चाचणीचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. ऑपरेशन व केमो आटोपल्यावर निम्म्यांना आरोग्याची माहितीपत्रके दिली. उरलेल्यांना माहितीसोबत मार्गदर्शक देऊन तीन वर्षे व्यायाम करवून घेतला. आठ वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण पत्रकवाल्यांत शंभरी ८३, तर व्यायामवाल्यांत ९० भरले. हा व्यायाम म्हणजे आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण तास झपाझप चालण्याइतका.

आम्हा विस्तारवाल्यांना यात नवल वाटत नाही. नुसती पत्रके वाटून वाण बदलत नाही, बांधावर येऊन प्रात्यक्षिक करावे लागते. माणसाचेही तसेच.

दुसरा समज बायकांमध्ये आहे. स्तनाचे ऑपरेशन झाले की त्या हाताने तांब्यासुद्धा उचलायचा नाही, हात सुजेल म्हणतात. अमेरिकेत हाताला आधीच सूज असलेल्या १४१ स्त्रियांना देखरेखीखाली हळूहळू वजन उचलायला लावले. २००९ साली निष्कर्ष आले : सूज वाढली नाही, उलट ती बळावण्याचे प्रकार कमी झाले. अर्थात, हळूहळू आणि देखरेखीखाली, हे विसरू नका.

तिसरा समज गड्यांचा : "शेतात राबतो, वेगळा व्यायाम कशाला?" एक दिवस पोती उचलायची आणि चार दिवस अंथरूण धरायचे, याला व्यायाम म्हणत नाहीत. रोज थोडे, नेमाने आणि बेताने वाढवत नेलेले, तेच अंगी लागते.

मग अडते कुठे? केस गेलेले असतात, लोक टक लावून बघतात. बाई एकटी फिरायला निघाली तर "कामं नाहीत का?" असे ऐकावे लागते. आजार उलटेल ही धास्ती असतेच. अशा वेळी उपदेशापेक्षा सोबत कामाला येते. बचत गटातल्या दोघी-तिघींनी तिच्याबरोबर मळ्यापर्यंत चालावे. आशाताईंनी अधूनमधून चौकशी करावी. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी रस्त्यावर दिवा आणि बसायला एखादा बाक एवढे तरी पाहावे.

सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करा. हाडात आजार असेल, रक्त कमी असेल, ताप किंवा धाप असेल तर त्यांच्या सल्ल्याशिवाय काही करू नका. त्यांनी होकार दिला, की पहिल्या दिवशी दहा मिनिटे पुरेत.

घरच्यांनी "पडून राहा" म्हणण्याऐवजी "चल, जरा बांधापर्यंत जाऊन येऊ" म्हणावे आणि स्वतः चप्पल घालावी.