धुरा सांभाळणाऱ्याचे नाव काय?

🧵 शंकरपटाचा धुरकरी: इतिहासाने न नोंदलेला शर्यतपटू

१/ मांजरसुंब्याच्या चौकात सोलापूर–धुळे महामार्ग आणि अहिल्यानगर–अहमदपूर रस्ता एकमेकांना छेदतात. बालाघाटाच्या या डोंगररांगेतून जाणाऱ्या प्रत्येक मालमोटारीच्या चालकाजवळ त्याच्या नावाचा परवाना असावा लागतो. मात्र याच मराठवाड्यात शंकरपटाच्या धावपट्टीवर जिवावर उदार होऊन गाडी हाकणाऱ्या धुरकऱ्याचे नाव क्वचितच कोणी लिहून ठेवते.

२/ शंकरपट म्हणजे विदर्भ-मराठवाड्यातील बैलजोड्यांची शर्यत. हलकी गाडी, दोन बैल, सरळ धावपट्टी आणि सेकंदाच्या अपूर्णांकापर्यंत वेळ मोजणारे घड्याळ. पुणे परिसरातील घाटांत बैलगाडा चालकाविना धावतो. शंकरपटात मात्र गाडीवर माणूस असतो. तोच धुरकरी.

३/ दोन बैलांची चाल कधीच तंतोतंत सारखी नसते. एक सुटताना चपळ, दुसरा शेवटच्या टप्प्यात दमदार. काही सेकंदांत ही दोन बळे एका रेषेत आणणे, उसळत्या गाडीवर तोल राखणे आणि शेवटी बेभान जोडी आवरणे, हे सारे त्याचे काम. चुकला तर चाकाखाली जाण्याचा धोकाही त्याचाच.

४/ ही कला अर्वाचीन नव्हे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १०२ वे सूक्त बैल जुंपलेल्या रथाचे आहे. त्या रथाची सारथी मुद्गलानी ही स्त्री असून ती सहस्र गायी जिंकते. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरच्या पटात स्त्रिया कासरे हाती घेतात, तेव्हा नकळत हीच परंपरा पुढे चालते.

५/ महाभारतातील नलोपाख्यान तर थेट विदर्भाशी जोडलेले. बाहुकाच्या वेषातील नल राजा ऋतुपर्णाला अयोध्येहून एका दिवसात कुंडिनपुरास आणतो. दमयंतीला त्याची चाहूल लागते ती रथाच्या घोषावरून. रूप पालटले, नाव लपले, तरी हाकण्याची शैली लपली नाही. चालकाची ओळख त्याच्या कौशल्यात असते, हे त्या कथाकाराने जाणले होते.

६/ आता रोमकडे पाहू. दुसऱ्या शतकातील सारथी गायस अप्पुलेयस डायोक्लीस याची कारकीर्द शिलालेखात कोरलेली आहे: २४ वर्षे, ४,२५७ शर्यती, १,४६२ विजय. निवृत्तीसमयी वय ४२ वर्षे, ७ महिने, २३ दिवस. सुरुवातीपासून आघाडी घेऊन किती जिंकल्या आणि अखेरच्या क्षणी किती, याचाही तपशील आहे.

७/ रोममध्ये सारथ्यांना सामाजिक प्रतिष्ठा नव्हती; अनेक जण गुलाम होते. तरीही त्यांच्या विजयांचा हिशेब राहिला. आधुनिक काळात फॉर्म्युला वनने १९५० मध्ये जगज्जेतेपद सुरू केले ते चालकांसाठी. गाडी बनविणाऱ्यांसाठी वेगळे अजिंक्यपद आले ते १९५८ मध्ये. आधी माणूस, मग यंत्र.

८/ आपल्याकडे क्रम उलटा. ध्वनिक्षेपकावरून पुकारा होतो तो जोडीच्या मालकाचा आणि बैलांचा. बैलांचे कौतुक सर्वथा योग्यच. ती त्यांचीच धाव असते. पण मालक मांडवात बसून जिंकतो आणि धुरकरी धुळीत उतरून विस्मरणात जातो. हा केवळ अनवधानाचा दोष नाही. श्रम करणाऱ्यापेक्षा स्वामित्व असणाऱ्याला श्रेय देण्याची आपली ती जुनी सवय आहे.

९/ न्यायालयीन लढ्यातही हेच दिसले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. २०१७ मध्ये राज्याने कायदा केला. १६ डिसेंबर २०२१ रोजी सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरविला. या सर्व काळात चर्चा झाली ती बैलांची वेदना, मालकांचा अभिमान आणि परंपरा यांची. धुरकऱ्याच्या थांबलेल्या कमाईचा आणि विरत चाललेल्या कौशल्याचा प्रश्न चर्चेच्या कडेलाच राहिला.

१०/ येथे एक आक्षेप रास्त आहे: बैलांना झालेल्या क्रौर्यात हाकणाऱ्यांचाही हात होता. ते नाकारणे अप्रामाणिक ठरेल. परंतु हा आक्षेप नावनोंदणीच्या बाजूचाच आहे. निनावी माणसाला ना सन्मान मिळतो, ना जाब विचारता येतो. ज्याचे नाव फलकावर लागते, त्यालाच ते नाव राखावे लागते. चाबकाविना जोडी पळविणारा धुरकरी कोण, हे लोकांना कळले, तरच ती रीत रुजेल.

११/ उपाय खर्चिक नाही. प्रत्येक पटाच्या निकालपत्रकात मालक आणि बैल यांच्या शेजारी एक रकाना वाढवावा: धुरकऱ्याचे नाव, गाव, वेळ. वृद्ध धुरकऱ्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात. गावोगावच्या तरुण इतिहासप्रेमींना हे काम सहज करता येईल. मात्र ती माणसे हयात आहेत तोवरच.

१२/ मराठीत नेतृत्व करणाऱ्याविषयी आदराने म्हटले जाते, ‘त्याने धुरा सांभाळली.’ हा गौरव ज्याच्या कामावरून आला, त्या धुरकऱ्याचे स्वतःचे नाव मात्र आपण लिहून ठेवले नाही. अठराशे वर्षांपूर्वीच्या डायोक्लीसचे अखेरच्या दिवसापर्यंत मोजलेले वय आज सांगता येते. गेल्या वर्षीच्या पटात पहिली आलेली जोडी कोणी हाकली, हेही तितक्याच सहजपणे सांगता आले पाहिजे. 🐂