नोंद आधी, व्यवहार नंतर

मोबाइलवरून पैसे पाठविण्याची यूपीआय ही व्यवस्था एप्रिल २०१६ मध्ये आली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिच्यावरील एका महिन्याच्या व्यवहारांची संख्या दोन हजार कोटींच्या पुढे गेली. भाजीच्या जुडीपासून घराच्या भाड्यापर्यंत सारे तिच्यावर विसंबले असताना त्याच वर्षी २६ मार्च, २ एप्रिल आणि १२ एप्रिल रोजी ती अडखळली. अशा प्रसंगी चर्चा होते ती व्यवस्था किती वेळ बंद राहिली याची. ग्राहकाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा प्रश्न निराळाच असतो. यंत्रणा थांबली त्या नेमक्या क्षणी जे व्यवहार अर्धवट होते, त्यांचे पुढे काय झाले?

या प्रश्नाचे उत्तर डेटाबेसच्या ज्या भागात दडलेले असते, तो भाग ग्राहकाला कधीच दिसत नाही. त्याला लॉग म्हणतात. जुन्या पेढीवरच्या दोन वह्या आठवल्या, तर त्याचे कार्य चटकन ध्यानात येते. दिवसभराचे व्यवहार घडतील त्या क्रमाने रोजकीर्दीत उतरवायचे आणि मग त्यावरून ज्याच्या त्याच्या खात्यात खतवायचे, अशी रीत होती. खतावणी खराब झाली तरी आधीची शिल्लक आणि रोजकीर्द यांवरून ती पुन्हा उभी करता येई. डेटाबेसमध्ये खात्यांतील शिलका ही खतावणी आणि लॉग ही रोजकीर्द होय. वेगासाठी शिलकांतील बदल आधी संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत होतात आणि सवडीने डिस्कवर उतरतात. वीज गेली की स्मृतीतले सारे पुसले जाते. म्हणून नियम असा, की बदलाची नोंद लॉगमध्ये कायमची उतरल्याखेरीज मूळ माहितीतील बदल डिस्कवर न्यायचा नाही आणि व्यवहार पूर्ण झाल्याची नोंद उतरल्याखेरीज ग्राहकाला 'झाले' असे कळवायचे नाही.

या विचाराला शास्त्रीय रूप आले ते मुख्यतः १९७०च्या दशकात. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत 'सिस्टीम आर' या प्रकल्पावर काम करणारे जिम ग्रे यांना या क्षेत्रातील कामगिरीसाठी १९९८चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. मद्रास आयआयटीचे माजी विद्यार्थी सी. मोहन आणि त्यांच्या आयबीएममधील सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये 'एरीज' ही पद्धत सविस्तर मांडली. आजच्या अनेक प्रमुख डेटाबेसमधील पूर्वस्थापना तिच्याच वळणाने चालते.

ही पद्धत तीन टप्प्यांची आहे. यंत्रणा पुन्हा सुरू झाली की ती लॉगमधील शेवटच्या खुणेपासून वाचत येते आणि कोणते व्यवहार पुरे झाले, कोणते अर्धवट राहिले याची यादी करते. दुसऱ्या टप्प्यात डिस्कवर न पोहोचलेले सारे बदल, अर्धवट व्यवहारांतील बदलांसह, पुन्हा जसेच्या तसे केले जातात. बंद पडतानाची स्थिती अशी हुबेहूब उभी राहिल्यावर तिसऱ्या टप्प्यात अर्धवट व्यवहार मागे घेतले जातात. एका खात्यातून पाच हजार रुपये वजा झाले आणि दुसऱ्यात जमा होण्याआधी वीज गेली, तर ते पाच हजार मूळ खात्यात परततात. मात्र चांगला मुनीम खाडाखोड करीत नाही, उलट नोंद करतो. तसेच येथेही मागे घेण्याच्या प्रत्येक कृतीची नवी नोंद लॉगमध्ये होते. त्यामुळे दुरुस्ती चालू असतानाच पुन्हा वीज गेली, तरी तेच पैसे दोनदा परत केले जात नाहीत.

एका बँकेच्या चार भिंतींत हा प्रश्न अशा प्रकारे सुटतो. परंतु यूपीआयच्या व्यवहारात बहुधा दोन बँका असतात, त्यांच्या रोजकीर्दी दोन असतात आणि मध्ये राष्ट्रीय देयक महामंडळाची यंत्रणा असते. पाठविणाऱ्याच्या बँकेने रक्कम वजा केली, घेणाऱ्याच्या बँकेकडे निरोप गेला आणि उत्तरच आले नाही, तर रक्कम जमा झाली की नाही हे पहिल्या बँकेचा लॉग सांगू शकत नाही. सर्वांनी आधी 'तयार' अशी नोंद करायची आणि मग एकदमच व्यवहार पक्का करायचा, असा उपाय शास्त्राने दिला आहे. पण त्यात एक पक्ष गप्प झाला की इतरांना तिष्ठत बसावे लागते. कोट्यवधी ग्राहकांच्या व्यवस्थेला ते परवडणारे नाही. म्हणून येथे स्थितीची विचारणा, दोन्हीकडच्या नोंदींचा ताळमेळ आणि गरज पडल्यास रक्कम परत करणे हा मार्ग चालतो. यंत्राने क्षणार्धात करावयाचे काम अशा रीतीने माणसांच्या आणि नियमांच्या हाती येते.

रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकाचे मोल यासाठीच आहे. यूपीआयने पाठविलेले पैसे दुसऱ्या व्यक्तीच्या खात्यात जमा झाले नाहीत, तर व्यवहारानंतर एका दिवसात ते परत झाले पाहिजेत. एटीएममधून नोटा न येताच खात्यातून रक्कम गेली, तर पाच दिवसांत ती परत मिळाली पाहिजे. त्यापुढील प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायची आणि तीही ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता, असे हे परिपत्रक सांगते. हातावर पोट असणाऱ्याचे हजार रुपये आठवडाभर अडकले, तर त्याच्या घरी चूल पेटण्याचा प्रश्न येतो. शंभर रुपयांनी तो सुटत नाही. पण ताळमेळ लांबविणे बँकेला फुकट पडत नाही, एवढे नक्की.

शास्त्र पक्के आणि नियमही लिहिलेला, तरी पूर्वस्थापना फसते. कारण तिची तालीम झालेली नसते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संगणक प्रणालींची साठवण करणाऱ्या कंपनीत जे घडले, ते तिने स्वतःच जाहीर केले आहे. दुय्यम डेटाबेस मागे पडला होता. त्याला हव्या असलेल्या लॉगच्या नोंदी मुख्य डेटाबेसने आधीच काढून टाकल्या होत्या आणि त्या वेगळ्या जागी जपून ठेवण्याची सोय सुरूच केलेली नव्हती. दुय्यमची नव्याने जुळणी करताना एका अभियंत्याने चुकून मुख्य डेटाबेसच पुसला. सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचार उरले. रोजच्या बॅकअपचा शोध घेतला, तर तो आवृत्तीतील फरकामुळे होतच नव्हता आणि तसे कळविणारे ई-मेलही नाकारले जात होते. अखेर दुसऱ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत योगायोगाने कामी आली. मधल्या सहा तासांतील नोंदी मात्र परत आल्या नाहीत. लॉग जपला असता, तर त्या प्रतीवर तो चालवून चुकीच्या क्षणापर्यंत पोहोचता आले असते.

मुंबईतील राष्ट्रीय शेअर बाजाराचा अनुभवही बोलका आहे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११.४० वाजता तेथील व्यवहार थांबले आणि सुरू झाले ते दुपारी पावणेचारला. पर्यायी केंद्र असूनही कामकाज तिकडे हलविण्यात आले नव्हते. त्यानंतर महिन्याभरातच 'सेबी'ने नियम कडक केले : महत्त्वाची यंत्रणा कोलमडली तर अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करायची आणि त्यानंतर ४५ मिनिटांत कामकाज पूर्ववत आणायचे. २ मार्च आणि १८ मे २०२४ या दोन शनिवारी शेअर बाजार मुद्दाम उघडण्यात आले. आधी मुख्य केंद्रावरून व्यवहार झाले, मग पर्यायी केंद्रावरून. सर्वांदेखत आणि खऱ्या पैशांनिशी झालेली ही तालीम होती.

मोठ्या बाजाराला जे जमते, ते छोट्या बँकांचे काय? जुलै २०२४च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या सेवा पुरविणाऱ्या कंपनीला खंडणीखोर विषाणूच्या हल्ल्याचा फटका बसला, तेव्हा खबरदारी म्हणून तिला देयक यंत्रणेपासून तोडण्यात आले आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या सुमारे तीनशे सहकारी व ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि एटीएम व्यवहार अडले. जोडणी १ ऑगस्ट रोजी पूर्ववत झाली. पण आपली रोजकीर्द दुसऱ्याच्या कपाटात आहे, याची जाणीव किती संचालक मंडळांना होती? असा विषाणू डेटाबेसबरोबर हाताशी असलेले लॉग आणि बॅकअपही कुलूपबंद करू शकतो. म्हणून त्यांची एक प्रत वेगळ्या जागी आणि कोणालाही बदलता येणार नाही अशा रीतीने ठेवणे हा आता किमान शहाणपणा झाला आहे.

सहकाराचे जाळे महाराष्ट्रात खोलवर रुजलेले आहे. शिक्षक, गिरणी कामगार, ऊस उत्पादक यांची पुंजी याच बँकांत असते. त्यांच्या लेखापरीक्षणात 'बॅकअप घेतला जातो काय?' या प्रश्नापुढे 'होय' अशी खूण करून भागणार नाही. त्या बॅकअपवरून आणि लॉगवरून डेटाबेस प्रत्यक्षात शेवटचा कधी उभा केला, त्याला किती वेळ लागला आणि किती मिनिटांच्या नोंदी गमावल्या, हे तीन आकडे विचारले गेले पाहिजेत. वार्षिक सभेत भागधारकांनीही ते विचारावेत. लाभांशाच्या टक्केवारीइतकाच तो त्यांचा हक्क आहे.