खोगीरभरती की बढत?

"टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स हा अल्बम म्हणजे निव्वळ खोगीरभरती!" हे वाक्य मी गेली पंधरा वर्षं छातीठोकपणे फेकत आलोय. कॉलेजच्या हॉस्टेलवर फेकलं, ऑफिसच्या कँटीनमध्ये फेकलं. परवा फोनवर पुन्हा फेकलं, तर हॉस्टेलचा जुना रूममेट शांतपणे म्हणाला, "बरं, मग तिसरी बाजू सुरू कशी होते ते सांग."

माझी दांडी गुल. कारण तिसरी बाजू मी कधी ऐकलीच नव्हती. दुसरीसुद्धा अर्धीच.

ज्यांना हा वाद माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. येस हा इंग्लंडचा प्रोग्रेसिव्ह रॉक बँड. १९७२ चा त्यांचा 'क्लोज टू द एज' बहुतेक चाहते डोक्यावर घेतात. पुढच्या वर्षी गायक जॉन अँडरसन टोकियोच्या हॉटेलात परमहंस योगानंदांचं आत्मचरित्र चाळत होता. पान ८३ वरच्या तळटीपेत श्रुती, स्मृती, पुराण आणि तंत्र अशी शास्त्रांची चार अंगं सांगितलेली. झालं! चार अंगं, चार गाणी, दोन तबकड्यांच्या चार बाजू, एकूण ऐंशी मिनिटं. डिसेंबर १९७३ मध्ये अल्बम आला आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. तेव्हापासून चाहत्यांत जी जुंपली आहे ती आजतागायत.

विरोधकांचा सगळ्यात मोठा साक्षीदार घरातलाच, की-बोर्डवाला रिक वेकमन. त्याचं म्हणणं, आमच्याकडचा माल एका तबकडीला जास्त आणि दोन तबकड्यांना कमी होता, म्हणून पाणी घालून वाढवला. वर तो भन्नाट किस्साही सांगतो. मँचेस्टरच्या कार्यक्रमात हाच अल्बम वाजत असताना त्याच्या मदतनिसाने स्टेजवरच चिकन विंदालू वगैरे आणून ठेवलं (आपल्या गोव्याच्या विंदालूचा विलायती अवतार), आणि साहेबांनी तिथेच हादडलं. १९७४ मध्ये त्याने बँडही सोडला.

आता सांगा, असा किस्सा हाताशी असताना ऐंशी मिनिटं ऐकायची कोणाला गरज आहे? मी किस्सा ऐकला आणि मत बनवून मोकळा झालो. ऑफिसात कोड न उघडता "ठीक वाटतंय" असा शेरा मारणाऱ्या लोकांवर मी तोंडसुख घेतो. इथे पंधरा वर्षं मी तेच करत होतो, तेही उसन्या शेऱ्यावर. लाज वाटली, खरंच.

म्हणून शनिवारी फोन स्वयंपाकघरात ठेवला, हेडफोन लावले आणि बसलो. प्रत्येक बाजू संपली की थांबायचं, उठून एक फेरी मारायची, मग पुढची. हे महत्त्वाचं आहे बरं का. हा अल्बम तबकडी उलटणाऱ्या माणसासाठी बनलाय, दर वीस मिनिटांनी श्वास घ्यायची सोय त्यात होती. ऐंशी मिनिटं सलग ऐकून "लांब आहे" म्हणणं म्हणजे चारही जेवणं एका पंगतीत उरकून अपचनाची तक्रार करण्यासारखं आहे.

आता वादाचा मुद्दा. नुसती लांबी हा दोष असेल तर बडा ख्यालही बाद करावा लागेल. पाऊण तास एक राग चालतो आणि जाणकार श्रोता हूं की चूं करत नाही, कारण प्रत्येक आवर्तनात रागाचं काहीतरी नवं उघडत जातं. त्याला आपल्याकडे बढत म्हणतात. तीच जागा काहीही न मिळवता पुन्हा आली की ती लांबण. फूटपट्टी ही हवी, घड्याळ नव्हे.

ती लावली तर माझा निकाल असा. पहिली बाजू बढत, शंकाच नाही. जपासारख्या गाण्यातून सुरू होते आणि प्रत्येक वळणावर वजन वाढत जातं. दुसरी संथ, काही सुरावटी जशाच्या तशा परत येतात. पण तिला तारून नेतो कोण? वेकमन! त्याचा मेलोट्रॉन या बाजूवर जे करतो ते ऐकून मी थक्क झालो. ज्याला हे संगीत नको होतं त्याचंच काम इथे सर्वात सुंदर. तिसरी आपटबार. पहिली दहा-बारा मिनिटं तालवाद्यांचा आणि गिटारचा नुसता कल्लोळ. सूर्याला निरनिराळ्या भाषांत काय म्हणतात त्याची यादीही त्यात आहे, आपल्या ओळखीचा एक शब्दही सापडतो. पण शेवटी स्टीव्ह हाऊची साधी गिटार येते आणि सगळं माफ होतं. चौथी पुन्हा बढत. ख्रिस स्क्वायरचा बास, तालवाद्यांचं वादळ आणि त्यानंतरची शांतता.

आणि गंमत म्हणजे या चौथ्या बाजूत आधीच्या सुरावटी परत येतात. दुसरी-तिसरी कापून अल्बम एका तबकडीवर बसवला असता, तर त्या परत येणार कुठून? आठवण यायला आधी काहीतरी घडावं लागतं. म्हणूनच "अर्धा कापा" हा सल्ला मला आता पटत नाही. तिसरीला कात्री लावा, पण घाव बेताने.

दुसऱ्या बाजूच्या मंडळींनाही एक शब्द. आपल्याकडचे काही चाहते "शास्त्रांवर आधारलाय राव, म्हणून महान" असं म्हणतात. तळटीप वाचून कोणी शास्त्री होत नाही, आणि इथे कोणी व्हायची गरजही नाही. गुण सुरांना द्या. श्रुती-स्मृतीचं नाव बघून माना डोलावणं आणि विंदालूचा किस्सा सांगून नाकं मुरडणं, दोन्ही सारखंच. दोन्हींत कान वापरावे लागत नाहीत.

येसचा सर्वोत्तम अल्बम माझ्या मते अजूनही 'क्लोज टू द एज'च. बँडनेही धडा घेतला असावा. १९७४ च्या 'रिलेयर'वर त्यांनी लांब गाणं एकाच बाजूला ठेवलं आणि दुसरीवर दोन गाणी दिली. पण "निव्वळ खोगीरभरती" हे शब्द मी मागे घेतो.

रविवारी मित्राला फोन केला. म्हटलं, "तिसरीची पहिली बारा मिनिटं लांबणच आहे, त्यावर मी ठाम आहे. बाकीचं मागे."

तो हसला. म्हणाला, "बारा मिनिटांचंही पटत नाही. पण चला, पंधरा वर्षांनी का होईना, भांडायच्या लायकीचा झालास!"